भूमिगत धातूंचा शोध आणि गावकऱ्यांचा प्रश्न

"सरकारी जागा आहे, तुम्हाला काय करायचे?" हे वाक्य आपल्याकडे रोज कोठे ना कोठे उच्चारले जाते. बोलणाऱ्याला वाटते, आपण बिनतोड उत्तर दिले. ऐकणाऱ्याला वाटते, हा मनुष्य काहीतरी लपवीत आहे. तेथून शब्दाने शब्द वाढतो आणि पाहता पाहता दहा माणसे गोळा होतात. धातुशोधक यंत्र, म्हणजे ज्याला आता सर्वजण मेटल डिटेक्टर म्हणतात ते, हाती घेऊन गायरानात, नदीच्या पात्रात किंवा जुन्या रणभूमीवर फिरणाऱ्या हौशी संशोधकावर हा प्रसंग हटकून येतो. लोक वाट अडवतात, दरडावून विचारतात, कधी यंत्राला हात घालतात. अशा वेळी काय करावे हा ह्या लेखाचा विषय आहे. परंतु काय करावे हे सांगण्यापूर्वी लोक का अडवतात हे पाहणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते. कारण आमच्या मते त्यांचा प्रश्न बहुधा रास्त असतो. इतकेच नव्हे, तर कायदा जे विचारतो तेच ते आपल्या भाषेत विचारीत असतात.

विषय अधांतरी राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवू. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात खर्डा हे गाव आहे. मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेला हा मुलूख. ११ मार्च १७९५ रोजी ह्या परिसरात मराठे आणि निजाम ह्यांची लढाई झाली. सवाई माधवराव पेशवे स्वतः सैन्याबरोबर होते. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले आणि पटवर्धन ह्यांच्या फौजा एकत्र आल्या होत्या. पलीकडे निजाम अली आणि रेमंड ह्या फ्रेंच अधिकाऱ्याने तयार केलेल्या त्याच्या पलटणी होत्या. निजामाने माघार घेऊन खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय केला, तेथे तो कोंडला गेला आणि अखेर दौलताबादेसह मोठा मुलूख व भारी खंडणी कबूल करून सुटला. सर्व मराठे सरदार एकत्र येऊन जिंकलेली ही शेवटची मोठी लढाई, असे इतिहासाची पुस्तके सांगतात. निंबाळकरांचा तो चौकोनी किल्ला आजही उभा आहे आणि सभोवारच्या माळावर गुरे चरत आहेत.

ह्या लढाईतील एक गोष्ट ग्रांट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदली आहे. रात्रीच्या वेळी घोड्यांसाठी पाणी शोधीत मराठ्यांची एक लहानशी तुकडी एका ओढ्यावर आली. तेथे निजामाच्या फौजेतील काही लोक पडले होते. अंधारात कोण आले हे ध्यानी येताच त्यांनी गोळी झाडली. तो आवाज ऐकून पुढच्या पहाऱ्यांनी बंदुका सोडल्या, गोंधळ पसरत गेला आणि निजामाच्या छावणीत हलकल्लोळ माजला. पाणी शोधणाऱ्या चार घोडेस्वारांमुळे एवढी फौज हादरली! अंधारात अनोळखी माणूस समोर आला आणि तो कशासाठी आला हे कळले नाही म्हणजे काय होते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे बीज ह्याच गोष्टीत आहे.

आता एखाद्या जिज्ञासू माणसाला वाटले की ही लढाई नेमकी कोठे कशी झाली हे शोधावे, तर त्यात गैर काय? काहीच नाही. उलट, धातुशोधक यंत्राचा खरा उपयोग अशाच ठिकाणी होतो. त्या काळच्या बंदुकीची गोळी शिशाची असे. झाडलेली गोळी कशावर तरी आदळून चपटी होते, हातातून पडलेली गोळी गोल राहते. चपट्या गोळ्या एका रेषेत आणि गोल गोळ्या दुसऱ्या रेषेत सापडल्या, तर गोळीबार कोठून कोणत्या दिशेला झाला हे सांगता येते. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न येथे १८७६ मध्ये झालेल्या लढाईचा असा अभ्यास झाला आहे. १९८३ मध्ये वणव्याने त्या माळावरचे गवत जळून गेले. १९८४ व १९८५ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांच्या हाती धातुशोधक यंत्रे देऊन सारी रणभूमी पिंजून काढली. जेथे यंत्र वाजले तेथे आधी निशाणी रोवली, मग जागेचे माप घेतले, आणि त्यानंतरच वस्तू उचलली. कोणती बंदूक कोठून कोठे सरकली हे काडतुसांवरच्या खुणांवरून कळले, आणि शंभर वर्षे सांगितल्या जाणाऱ्या कथांपैकी कोणत्या टिकतात हे तपासता आले. खर्ड्याच्या ओढ्याकाठच्या त्या रात्रीची हकीकतही कोणी एके दिवशी अशीच तपासू शकेल. मात्र त्यासाठी गोळ्या जेथे पडल्या तेथेच राहिल्या पाहिजेत. जागेवरून हललेली गोळी म्हणजे केवळ गुंजभर शिसे; ती काही सांगू शकत नाही.

हे यंत्र करते काय, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण त्याविषयी संशोधकाचा आणि गावकऱ्यांचा, दोघांचाही गैरसमज असतो. दांड्याच्या टोकाला तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की धातूमध्ये विजेचे भोवरे उठतात, त्यांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र उलट दिशेने उमटते आणि यंत्र ते टिपून आवाज करते. बस्स, एवढेच. यंत्राला सोने दिसत नाही, हंडा दिसत नाही, माणसाचे नशीब तर मुळीच दिसत नाही. साध्या यंत्राला एखादे नाणे फार तर वीत-दीड वीत खोलीवर लागते. नांगराचा तुटलेला फाळ, बैलाच्या पायाची नाल, बाटलीचे बूच आणि पेशवाईतील गोळी ही सर्व यंत्राच्या लेखी जवळजवळ सारखीच. त्यातून आपला दख्खनचा दगड पडला काळा बेसाल्ट. त्यात लोहचुंबकी खनिजाचे कण असतात, आणि त्यांच्यामुळे यंत्र काही नसतानाही कुरकुरते. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड ह्यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी टेलिफोनकर्ते ग्रॅहॅम बेल ह्यांनी असेच एक यंत्र वापरले होते; गोळी काही सापडली नाही. तेव्हा यंत्र हे जादूचे अंजन नव्हे, हे आधी आपण समजून घ्यावे आणि मग गावाला समजावून सांगावे.

आम्ही अंजन हा शब्द मुद्दाम वापरला. कारण माळावर यंत्र फिरताना पाहून गावकऱ्याच्या मनात प्रथम जो विचार येतो तो इतिहासाचा नसतो, गुप्तधनाचा असतो. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीतले धन दिसते, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. धनावर राखण करणारा कोणी असतो आणि त्याला काही दिल्यावाचून तो ते सोडीत नाही, हीही समजूत तिच्याच जोडीची. ह्या समजुतींना हसून चालणार नाही, कारण त्यांच्यापायी माणसे मेली आहेत. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ पासून १९७४ च्या आरंभापर्यंत मुलींचे व स्त्रियांचे जे खून झाले, त्यांच्या मुळाशी गुप्तधनाचा लोभ होता हे खटल्यात पुढे आले. महाराष्ट्राने २०१३ मध्ये नरबळी आणि जादूटोणा ह्यांच्याविरुद्ध जो कायदा केला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधनासारख्या गोष्टींच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्याखाली सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे सांजवेळी अनोळखी माणसे गावाबाहेरच्या पडक्या देवळाजवळ जमीन हुडकताना दिसली आणि एखाद्या म्हातारीने आपली नात घरात ओढून घेतली, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

दुसरी आठवण आहे ती मोजणीची. परगावचा मनुष्य यंत्र घेऊन जमिनीवर आला की त्यामागून कर येतो किंवा जमीन जाते, हा खेड्याचा अनुभव जुना आहे. १८५२ मध्ये इंग्रजांनी खानदेशात महसुलासाठी जमिनीची मोजणी सुरू केली, तेव्हा सावदे, फैजपूर, एरंडोल ह्या भागांतले शेतकरी हजारोंनी जमले आणि त्यांनी ती अडवली. सरकारला सैन्य आणावे लागले. त्या शेतकऱ्यांना साखळी आणि दुर्बीण ह्यांचे वैर नव्हते. त्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे त्यांना ठाऊक होते. आजही रस्ता, धरण, कारखाना, पवनचक्की ह्यांपैकी काहीही यावयाचे असेल तर प्रथम माळावर एखादे यंत्र आणि दोन अनोळखी माणसे दिसतात. गावाने विचारावे नाही तर काय करावे?

तिसरी गोष्ट अगदी अलीकडची. मार्च २०२५ मध्ये, छत्रपती संभाजी महाराजांच्या जीवनावरील 'छावा' हा चित्रपट गाजत असताना, महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे बऱ्हाणपूर जिल्ह्यात असीरगडच्या पायथ्याशी मोगलांचे सोने पुरलेले आहे अशी आवई उठली. महामार्गाच्या कामातील माती शेतांत पडली होती आणि तीत नाणी सापडली असे बोलले गेले. मग काय विचारता! रात्रीच्या रात्री माणसे बत्त्या, चाळण्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेते खणू लागली. पोलिसांना यावे लागले. ज्यांची शेते होती त्यांच्या वाट्याला खड्डे आले. ही हकीकत वर्तमानपत्रांतून आणि हातातल्या फोनवरून गावोगाव पोचली आहे. ह्यापुढे जो कोणी हे यंत्र घेऊन एखाद्या गडाखाली जाईल, त्याच्याकडे लोक असीरगडच्या चष्म्यातूनच पाहतील.

येथे संशोधक म्हणेल, "हे सर्व खरे, परंतु जागा तर सार्वजनिक आहे ना?" सार्वजनिक ह्या शब्दाचा अर्थ येथे नीट पाहिला पाहिजे. सार्वजनिक म्हणजे बेवारशी नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे जी जमीन कोणा व्यक्तीच्या मालकीची नाही ती राज्य शासनाची आहे. गायरान हे गावच्या गुरांसाठी राखलेले असते. नदीकाठ, गावठाण, स्मशान, देवराई ह्या प्रत्येक जागेला कोणी ना कोणी विचारणारा असतो, आणि ज्याची गुरे तेथे चरतात त्याचा तेथे काहीच संबंध नाही असे म्हणता येत नाही. आपल्या खेड्यांत जमिनीचे दोन भाग मानतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. शेकडो वर्षे माणसे जेथे राहिली तेथल्या राखेने, शेणाने आणि पडलेल्या भिंतींनी माती पांढुरकी होते. पुरातत्त्वज्ञ जुनी वसाहत शोधताना अशाच पांढरीच्या टेकाडांचा माग काढतात. आणि धाब्याच्या घरांवर घालण्यासाठी गावकरी तीच माती पिढ्यान् पिढ्या आणीत आले आहेत. म्हणजे ज्या टेकाडाला संशोधक 'स्थळ' म्हणतो त्याला गाव आपली पांढरी म्हणतो. दोघांचेही खरे आहे. मात्र गाव तेथे आधीपासून आहे.

कायदा काय म्हणतो? १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने ती काय आहे व सुमारे किती किमतीची आहे, कोठे सापडली आणि कोणत्या दिवशी सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावयाचे असते, आणि वस्तू सरकारी खजिन्यात जमा करावयाची किंवा तिच्यासाठी जामीन द्यावयाचा असतो. मग जाहीर सूचना निघते आणि हक्क सांगणाऱ्यांची चौकशी होते. शंभर वर्षांहून पूर्वी पुरलेले धन असून त्याला वारस नाही असे ठरले, आणि दुसरा काही करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला व एक चतुर्थांश जागेच्या मालकाला मिळते. शासनाला ती वस्तू हवी असल्यास मोल अधिक एक पंचमांश देऊन ते ती घेऊ शकते. जो न कळवता वस्तू दडवील त्याचा वाटा जातो, आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ह्याखेरीज १९५८ च्या केंद्रीय कायद्याने व १९६० च्या राज्याच्या कायद्याने संरक्षित केलेल्या स्मारकांच्या व स्थळांच्या आवारात परवान्यावाचून खणता येत नाही. आणि शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांना, मूर्तींना व हत्यारांना १९७२ चा पुरावस्तू अधिनियम लागतो. त्या खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत.

आता हे कायदे बाजूला ठेवा आणि गुरे राखणारा म्हातारा काय विचारतो ते ऐका. "कोण गाव तुमचं? काय हुडकताय? कुणाला इचारून आलात? आन् घावलं तर नेणार कुठं?" ह्या चार प्रश्नांत निखात निधीचा अधिनियम सामावलेला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. शोधणारा कोण, वस्तू कोणती, जागा कोणाची आणि सापडल्यावर तिचे काय होणार, हेच कायद्यालाही हवे आहे. म्हणून आम्ही म्हणतो की अडवणारा गावकरी हा संशोधनाचा शत्रू नव्हे. तो त्या जागेचा पहिला पहारेकरी आहे. तो नसता तर खर्ड्याच्या रणभूमीसारख्या ठिकाणी उद्याच्या अभ्यासकासाठी काहीच उरले नसते.

पहारेकऱ्याने विचारले नाही म्हणजे काय हानी होते हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. ह्याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तेथे १९७४ मध्ये एका स्थानिक माणसाला झुडपाचे मूळ खणताना चार काशाच्या वस्तू मिळाल्या: बैलांचा रथ व तो हाकणारा मनुष्य, रेडा, हत्ती आणि गेंडा. सर्वांचे मिळून वजन साठ किलोग्रॅमांच्या वर. भारतातील प्राचीन धातुकामाचा एवढा मोठा नमुना विरळा. पुढे तेथे रीतसर उत्खननही झाले आणि ताम्रपाषाण युगाच्या वस्तीचे थर उलगडले. परंतु ह्या चार वस्तू पुरातत्त्वज्ञांच्या डोळ्यांदेखत थरातून निघालेल्या नव्हत्या. म्हणून त्या उत्तर हडप्पा काळातील, की पुष्कळ अलीकडच्या, असा वाद झाला. धातूतील सोमलाचे प्रमाण दाखवून काही शास्त्रज्ञांनी त्यांच्या प्राचीनतेवर शंका घेतली, इतरांनी ती खोडून काढली. त्या माणसाचा ह्यात काही दोष नाही. तो सरपण काढीत होता. परंतु जो जाणूनबुजून, यंत्र घेऊन शोधावयास निघाला आहे, त्याला ही सबब नाही. वस्तू आणि तिची जागा ह्यांची एकदा ताटातूट झाली की ती पुन्हा जुळत नाही.

आता आचाराकडे वळू. अडवणुकीला उत्तर देण्याची खरी वेळ अडवणुकीच्या आधीची असते. गावात जाण्यापूर्वी त्या जागेचा सातबारा पाहावा, गावचा नकाशा पाहावा, जागा वनखात्याची आहे की गायरान की संरक्षित स्थळ हे ठरवावे. संरक्षित असेल तर यंत्र घरीच ठेवावे. शोध अभ्यासासाठी असेल तर पुरातत्त्व विभाग किंवा एखादे विद्यापीठ ह्यांच्या छत्राखालीच काम करावे. एकट्याच्या हौसेला तेथे जागा नाही. मग गावात जाऊन सरपंच, पोलीस पाटील आणि तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ह्यांना भेटावे. परगावच्या माणसांच्या संशयास्पद हालचालींची खबर ठाण्याला देणे हे पोलीस पाटलाचे कामच असते. ती खबर आपणच आधी दिलेली काय वाईट? जमल्यास ग्रामसभेत चार शब्द बोलावेत. पूर्वी गावात दवंडी पिटीत, तिचा हेतू हाच होता: आपल्या पांढरीवर उद्या काय होणार आहे हे सर्वांना ठाऊक असावे. एकट्या सरपंचाची परवानगी खिशात घालून गुपचूप निघून गेलो, तर गावातील दुसऱ्या पक्षाला आयतेच निमित्त मिळते.

काम दिवसाउजेडी करावे आणि गावातील एक-दोन माणसे बरोबर घ्यावीत. गुराख्याला माळाची जेवढी माहिती असते तेवढी कोणत्याही नकाशाला नसते. ओढ्याचे पात्र कोठे सरकले, जुनी वाट कोणती, तोफेचा गोळा म्हणून कोणाच्या वाड्यात काय ठेवले आहे, हे त्यालाच विचारावे. त्याच्या हाती यंत्र द्यावे, त्याला बाटलीचे बूच सापडू द्यावे. एकदा यंत्राने दहा वेळा बूच आणि खिळाच दाखवला म्हणजे सोन्याच्या हंड्याची कथा आपोआप ओसरते. ते काम दहा व्याख्यानांनी होणार नाही.

एवढे करूनही कोणी अडवलेच, तर प्रथम यंत्र बंद करावे, कानावरचे ऐकण्याचे साधन काढावे आणि हातातील खुरपे खाली ठेवावे. दुसरा बोलत असताना ज्याच्या कानात यंत्र असते त्याच्यावर कोणाचाही राग येतो. नाव, गाव आणि काम आपण होऊन सांगावे, पत्र दाखवावे, पिशवी उघडून दाखवावी. वडीलधाऱ्याला 'बाबा', 'मामा' म्हणून बोलावे. 'तुमचा काय संबंध' हे शब्द तोंडातून काढू नयेत. कायद्याची कलमे तेथे म्हणू नयेत, फोन वर करून समोरच्याचे चित्र घेऊ नये. "पोलीस पाटलांना बोलवा, आम्ही येथेच थांबतो," हे एक वाक्य शंभर वादांहून उपयोगी पडते, कारण चोर कधी थांबतो म्हणत नाही. आणि थांबूनही मने निवळली नाहीत, तर निघून जावे. दोनशे सव्वादोनशे वर्षे जमिनीत राहिलेली गोळी आणखी एक वर्ष सहज राहील. आपला हक्क शाबीत करण्याची जागा कचेरी आहे, माळ नव्हे.

आणि काही सापडलेच तर? उकरू नये. निशाणी ठेवावी, बरोबरच्या गावकऱ्यांना साक्षी ठेवून जागा लिहून घ्यावी आणि तलाठ्यामार्फत वर कळवावे. वस्तू खिशात घालणारा मनुष्य त्या गावाचाच नव्हे, तर आपल्यानंतर येणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाचा विश्वास खिशात घालून नेतो. काम संपल्यावर काय मिळाले आणि काय मिळाले नाही हे गावाला परत येऊन सांगावे. ही शेवटची पायरी बहुतेकजण विसरतात. इंग्लंडमध्ये १९९६ च्या खजिना कायद्यानंतर, १९९७ पासून, सापडलेल्या लहानसहान वस्तूंची नोंद स्वेच्छेने करून घेण्याची योजना सुरू झाली. तेथेही पहिला नियम असा की जमीनमालकाच्या संमतीवाचून शोध नाही. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका शेतात एका हौशी शोधकाला सोन्याचा मोठा साठा मिळाला, तेव्हा त्याने तो कळवला आणि सुमारे ३३ लाख पौंडांचा मोबदला तो आणि तो शेतकरी ह्यांच्यात वाटला गेला. वस्तू संग्रहालयांत गेल्या, लोकांना पाहावयास मिळाल्या. ज्याचे शेत त्याला अंधारात ठेवले असते तर ह्यातील काहीच घडले नसते.

हे झाले बाहेरून येणाऱ्याचे कर्तव्य. परंतु टाळी एका हाताने वाजत नाही, आणि गावालाही काही सांगितले पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी भिक्षा मागत आलेल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी आवई फोनवरून फिरत होती. लोकांनी त्यांना अडवले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तेथेच मारले. ज्या खोलीत प्रश्न विचारावयाचे, ओळखीचे कागद पाहावयाचे आणि पोलिसांची वाट पाहावयाची, त्या खोलीत हे घडले. त्या पाच जणांजवळ यंत्र नव्हते, खोरे नव्हते. होती ती भिक्षेची झोळी. संशय घेणे हा गावाचा हक्क आहे, शिक्षा करणे हा नव्हे. विचारणे आणि मारणे ह्यांच्यामध्ये फक्त एका माणसाचे अंतर असते: "थांबा, आधी त्याला बोलू द्या," असे म्हणणाऱ्या माणसाचे. प्रत्येक गावात असा एक तरी मनुष्य असला पाहिजे, आणि जमाव जमताच त्याने पुढे झाले पाहिजे. शहरातून व्याख्याने ऐकावयास येणाऱ्या आपल्यासारख्यांनाही हे लागू आहे. आपल्या गल्लीत अनोळखी फेरीवाला आला म्हणजे आपणही ह्याहून फारसे वेगळे वागत नाही.

खर्ड्याच्या ओढ्यावर त्या रात्री पाण्याला आलेल्या माणसांना कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. बोलली ती बंदूक. आपल्या काळात यंत्रे पुष्कळ झाली आहेत आणि स्वस्तही झाली आहेत. आणखी काही वर्षांनी असे यंत्र ज्याच्या घरी नाही अशी गावे थोडी उरतील. त्या वेळी आपल्या रणभूमी आणि पांढरी वाचवावयाच्या असतील, तर नुसत्या कायद्याने ते होणार नाही. प्रत्येक माळावर पोलीस उभा करता येत नाही. तेथे उभा राहतो तो गुराखी. त्याने प्रश्न विचारीत राहिले पाहिजे, आणि आपण त्याला खरे उत्तर देत राहिले पाहिजे.